शिंगणापूरला सोडलेला खोंड

नवस मीच बोलले होते, तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी नाही. लढाईची वर्षं होती. मालक पलटणीत, ब्रह्मदेशाकडं खेचरं हाकायला होते. पाच महिने पत्र नव्हतं. एका दुपारी शेण भरता भरता रडू आलं आणि तोंडातून निघून गेलं, "शंभू महादेवा, त्यांचं पत्र येऊ दे, हा खोंड तुला कठाळ्या सोडीन." देवाच्या नावानं मोकळा सोडलेला बैल तो कठाळ्या, त्याला कुणी औताला जुंपत नाही, कुणी दावं लावत नाही. खोंड समोर उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्याची आई व्याल्यावर आठव्या दिवशी मेली, तेव्हा रजेवर आलेल्या मालकांनी चिंधी दुधात बुडवून त्याला जगवला होता. मेली माझी जीभ!

पत्र आलं. हिंदुस्थानात पोचलोय, जिवंत आहे, एवढंच. मग चैत्रात आमच्या गावची कावड शंभू महादेवाच्या डोंगराकडं, शिंगणापूरला निघाली, तिच्यामागं आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि खोंड. कोरेगावापासून तीन दिवसांची चाल. त्यानं शिवेपलीकडचं जग पाहिलं नव्हतं. कावडीचे ढोल वाजले की माझ्या पदरात तोंड खुपसायचा. आत्ती सारखं बजावायच्या, "लय लळा लावू नगंस. देवाचा हाय त्यो आता."

डोंगरावर पोचलो तर त्या साली तळ्याचा तळ दिसत होता. काठाच्या वाळल्या चिखलात एक जुना कठाळ्या उभा होता. कमरेची हाडं वर आलेली, डोळ्यांवर माश्या. येणारा जाणारा त्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावी आणि पुढं जाई.

"ह्याला पानी कोन पाजतं?" मी एका म्हाताऱ्या गुरवाला विचारलं.

"देवाचा हाय बाई त्यो. देव बघतो."

माझं डोकंच फिरलं. "देव काय घागर घिऊन उतरनार हाय का?"

आत्तींनी माझ्या दंडाला कचकन चिमटा काढला. "गप, बये! माझं लेकरू अजून पलटनीत हाय."

भीती मलाही होतीच. नवस फेडला नाही आणि तिकडं काही बरंवाईट झालं तर? खोंडाच्या मांडीवर त्रिशूळ डागला तेव्हा मी तोंड फिरवलं. मग मीच त्याचं दावं सोडलं. त्याला वाटलं, झालं, आता घरी. तो आमच्या मागं निघाला. कुणीतरी काठी घालून त्याला परत फिरवला.

पायऱ्या उतरताना त्याचं हंबरणं मागून येत होतं. आत्ती पुढं झपाझप चालल्या होत्या. अर्ध्यात आल्यावर एकदम खाली बसल्या.

"पानी पाजलंतंस का त्याला?"

"न्हाई."

"सकाळधरनं?"

"न्हाई, आत्ती."

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माघारी न्हेला, आन माझ्या लेकाला काय झालं तर?"

"मला ठावं न्हाई," म्हणाले. धीर द्यायला खोटंही सुचलं नाही.

त्या उठल्या आणि गुडघे धरत वर चढायला लागल्या. मीही मागनं गेले. मला वाटलं, नुसतं पाणी पाजून परततील. पण मागून आणलेल्या घागरीतलं पाणी पाजून झाल्यावर त्यांनी त्याला हाक मारली, आणि तो निमूट आमच्या मागनं आला. देवळाकडं हात जोडून आत्ती एवढंच म्हणाल्या, "तुजाच हाय. आमी तुजं राखनदार. औताला लावत न्हाई, पर हितं मराया ठेवत न्हाई."

गावानं तोंड सोडलं. देवाला दिलेलं परत आणलं, आता भोगा म्हणाले. पुढचे सात महिने आम्ही दोघी भोगतच होतो. डाकवाला गल्लीत दिसला की हातातलं काम टाकून मी दारात यायचे. आत्ती सकाळी उठून आधी खोंडाला पाणी पाजायच्या, मग चूळ भरायच्या. त्याचा दुस्वास कधी केला नाही, पण कधी कधी त्याच्याकडं अशा बघत राहायच्या की मला तिथं थांबवायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर मालक रजेवर आले. हाडाचा सापळा झाला होता. आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दारातच रडल्या. चहा ठेवते म्हटलं, तर हे आधी गोठ्यात. खोंडाच्या मांडीवरचा डाग बोटांनी चाचपून म्हणाले, "ह्यो देवाचा. मग हितं कसा?"

आत्तींनी सगळं सांगितलं. चुकलं असेल तर मला बोल, हिला नको, असंही म्हणाल्या.

मालक खोंडाकडं बघतच बोलले. "ब्रह्मदेशातनं मागं येताना नदी लागली. खेचरं पल्याड न्यायची न्हाईत, सोडून द्या म्हनून हुकूम झाला. मी माझ्या खेचरीच्या तोंडावरची मोहरकी काढली. ती मला वळखायची, आये. छातीइतक्या पान्यापोत्तर आली माझ्या मागनं." डागावरून हात फिरवत म्हणाले, "तुमी माघारी फिरलासा. मला फिरता आलं न्हाई."

मग अंगावरचा डगला तसाच ठेवून त्यांनी बादली उचलली आणि विहिरीकडं गेले. खोंडाला आत्तींनी नुकतंच पाजलं होतं. तरी आम्ही दोघींनी त्यांना अडवलं नाही.