मोडलेली कड

व्हॅनिलाचा वास आला, की वडील गेल्यानंतरचा दहावा दिवस आठवतो. विणकामाचा माग बंद असल्यानं आमचं वडगावचं घर सुन्न झालं होतं. त्यांनी प्राण सोडला त्या जागी आईनं आदल्या संध्याकाळी ताटात पीठ पसरून वर वेताची बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घातली. सकाळी पिठावर खूण उमटली, की जीव वाटेला लागला म्हणायचं. पाहुण्यांच्या पानात वाढायला वडिलांच्या आवडीचा केक मी कुकरात भाजून शेजारीच झाकला होता. केक दिसला, की कड मोडून तोंडात टाकायची त्यांना खोड. सकाळी पीठ कोरं होतं आणि केकची कड मोडलेली. "कुणी खाल्लं गं?" आईनं विचारलं. कुणीच नाही. "म्हंजे हे गेलंच न्हाईत," ती पुटपुटली. हल्ली केक झाकण्याआधी त्याची कड मीच मोडून ठेवते; सकाळी कुणी मोडली, हे विचारायला नको.