हेरोदाच्या नाटकातली कुंची
डांबरगोळ्यांचा वास आला की मळमड्डीतल्या शाळेचं नाताळचं नाटक आठवतं. आवाज मोठा, अक्कल बेताची, म्हणून बेथलेहेमची तान्ही मुलं मारायला लावणारा हेरोद राजा मीच झालो. तान्ह्या मुलांच्या जागी बाहुल्या होत्या; त्यातल्या एकीला घालायला शेजारच्या अक्कांकडे जुनी कुंची मागितली. डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतून काढून देत त्या म्हणाल्या, "घेऊन जा की रे, आता कोण घालणार?" त्यांचं बाळ आषाढात गेलं होतं, मला ठाऊक होतं, पण कुंची त्याचीच असेल हे सुचलं नाही. "एकही जिवंत ठेवू नका," मी गरजलो. टाळ्या पडल्या. शिपाई झालेल्या मुलाने कुंचीवाली बाहुली आपटली. तेवढ्यात अक्का रंगमंचावर आल्या, तिला उचलून छातीशी धरलं आणि घरी निघून गेल्या. हल्ली मुलांना ही गोष्ट सांगताना मी खूप हसवतो, आणि अक्का येण्याआधीच पडदा पाडतो.