शयनगृहातला हशा

माझा धाकटा भाऊ मोहालीत नोकरीला आला आणि तिथून जवळच्या खरड गावात फ्लॅट घेऊन राहू लागला. मी आधीपासूनच चंदीगडला, विद्यापीठात शिकवते. गेल्या हिवाळ्यात त्याचं लग्न ठरलं. मुलगी सांगलीची, इथेच चंदीगडजवळ डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात कामाला. भावाला लग्न राजवाड्यातच करायचं होतं. चंदीगडपासून दोनेक तासांवर एका जुन्या संस्थानिकाचा वाडा आहे. अर्ध्या भागात संग्रहालय, अर्धा लग्नकार्यासाठी भाड्याने देतात. एका रविवारी तो बघायला भाऊ, ती आणि मी असे तिघं गेलो.

पगडीवाला गाईड आम्हाला इतर पर्यटकांसोबत फिरवत होता. पहिल्या दालनात भिंतभर वाघांची मुंडकी होती. मधोमध हत्तीचा पाय कापून, आतून पोकळ करून छत्र्या ठेवायला केलेलं भांडं. नखं तशीच होती, वर पॉलिश मारलेलं. डांबरगोळ्यांच्या वासाखाली आणखी काहीतरी कुजकट येत होतं. मी नाकाला ओढणी लावली.

पुढे महाराजांचं शयनगृह. पलंगामागे एक बुटका दरवाजा होता. गाईडने तो उघडून आतला अंधारा जिना दाखवला. महाराज दौऱ्यावर गेले की पहाडातल्या गावांत एखादी मुलगी त्यांच्या नजरेत भरायची, आणि तिला या जिन्याने वर आणायचे, असं तो रंगवून सांगू लागला. बापाला जमीन मिळायची. मुलगी परत गेली तरी तिला कुणी घरात घ्यायचं नाही, म्हणून ती वाड्यामागच्या कोठीतच राहायची.

“खुशनसीब थीं जी,” तो म्हणाला. “महल में रहती थीं.”

एका गृहस्थाने अशा किती होत्या, असं विचारलं. गाईडने हाताने मोठा ढीग दाखवला. सगळे हसले, कुणीतरी शिट्टी मारली. माझा भाऊही हसला, अगदी मनापासून. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याच्या शेजारी उभं राहणंही मला नको झालं. मी बाहेर कारंज्यापाशी जाऊन बसले. त्याची होणारी बायको माझ्यामागोमाग आली.

परतताना गाडीत तिने त्याला शांतपणे विचारलं, “तू का हसलास?”

“सगळेच हसले यार. जुन्या काळातलं आहे ते.”

“मी तिथे लग्न करणार नाही,” ती म्हणाली. “आणि तुझ्याशी करायचं का, तेही मला विचार करून सांगावं लागेल.”

पुढे बरेच दिवस तिने त्याचा फोन घेतला नाही. तो माझ्याकडे आला, एवढ्याशा गोष्टीवरून लग्न मोडतं का म्हणाला, तिची समजूत काढ म्हणाला. मी नाही म्हटलं. तुझं हसणं आठवलं की मलाच शिसारी येते, हेही सांगितलं. तो न जेवताच निघून गेला. नंतर तो तिला भेटायला गेला. काय बोलला ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही, पण ती लग्नाला तयार झाली.

लग्न उन्हाळ्यात सांगलीला, तिच्या घराजवळच्या कार्यालयात झालं. राजवाड्याचं काय झालं, असं कुणी विचारलं की भाऊ सांगतो, पाहुण्यांना लांब पडलं असतं. बायको त्याच्याकडे बघत राहते. मी तिथून उठून जाते.