नाईस

इंद्रलोक कॉलनीत ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या ताईंना एकच दाद कळते. गिऱ्हाईक गुजराती असो की यूपीचं, आरशात बघून "नाईस" म्हणालं की ताई लाजतात आणि चहा मागवतात.

काल मी ब्लाउज न्यायला गेले, तर गळ्यातली टेप सावरत त्या ओरडल्याच, "मॅडम, ऐकलंत का? नाईस म्हणजे आधी अडाणी! मोबाईलवर सांगत होते. लॅटिनमधनं आलाय. मग अर्थ झाला मूर्ख, मग चोखंदळ, आणि आता कुठे छान! म्हणजे माझीच स्टोरी ना? गावाहून आले तेव्हा अडाणी. दुकान टाकलं तेव्हा सगळे म्हणाले, मूर्ख!"

त्यांचा आनंद बघून मलाही हसू आवरेना. मी ब्लाउज घालून बाहेर आले. अगदी मापात बसला होता.

"नाईस!" मी म्हटलं, अर्थात शेवटच्या अर्थानं.

ताई लाजल्या नाहीत. त्यांनी माझी डावी बाही चिमटीत धरली आणि डोळे बारीक केले.

"एक सूत वर गेलीय. काढा, उसवते."

"अहो, कोणाला दिसणारे?"

"मला दिसतंय ना! मॅडम, मी अजून तिसऱ्या अर्थावरच आहे."