जयाक्कांनी पाहुणीला कामाला लावलं

कंग्राळीच्या जयाबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या जयाक्का, एकदा 'हो' म्हणाल्या की ब्रह्मदेवाला ते परत घेता येत नाही. शहरात टिळकवाडीला असलेल्या एका संस्थेनं गावात मीटिंग घेतली. परदेशातून स्वयंसेवक येणार, सहा महिने गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणार, पण राहणार कुणाच्यातरी घरी, घरच्यासारखे. टिकले तर शाळेला दरवर्षी माणसं मिळणार. मध्येच निघून गेले तर कंग्राळीचं नाव यादीतून कटाप. सगळे माना खाली घालून बसले. जयाक्का उठल्या. "माझ्याकडं पाठवा. पोरगीच हाय न्हवं? ऱ्हाईल की."

झालं, तयारी सुरू. गोठ्यावर पत्रा घालायला चार वर्षं मुहूर्त न सापडलेल्या भावकूअण्णांनी, म्हणजे जयाक्कांच्या यजमानांनी, आठ दिवसांत कमोड बसवून घेतला. तो टेंपोतून उतरताना बघायला अर्धी गल्ली जमली होती. जयाक्कांनी प्लास्टिकचं टेबल आणलं, खुर्ची आणली, काटेचमचे आणले. तिखटाचा डबा वरच्या फळीवर गेला आणि सराव म्हणून घरात सगळ्यांना अळणी आमटी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी भावकूअण्णा म्हणाले, "पाव्हणी येतीया का मी आजारी पडलोय?"

तिकडे नॉर्वेमध्ये मारिट नावाची तेवीस वर्षांची मुलगी याच्या बरोबर उलट तयारी करत होती. तीन महिने ती जमिनीवर बसून हातानं जेवली, बादलीतल्या पाण्यानं आंघोळ केली, उकडलेल्या बटाट्यावर लाल तिखट भुरभुरून डोळे पुसत खाल्लं. मोबाइलवरून मराठी शिकली. संस्थेनं पाठवलेल्या सूचनांतली एक ओळ तर तिनं पाठच केली होती : घरात पाहुण्यासारखं बसून राहू नका, कामाला हात लावा.

आली ती थेट जमिनीवर मांडी घालून बसली. जयाक्कांनी दंडाला धरून उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि हातात काटा दिला. ताटात भाकरी होती. भाकरी काट्यानं कशी खायची, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी आपली काही मदत करू शकते का?" मारिट रोज विचारायची.

"बस गं बाई गुमान. टीव्ही बघ."

ताट उचलायला वाकावं तर ताट गायब. कपडे धुवायला घ्यावेत तर ते आधीच दोरीवर. एकदा तिनं झाडू हातात घेतला, तर शेजारच्या बाळाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "जया, पाव्हणीला झाडाय लावलीस व्हय?" जयाक्कांनी झाडू काढून घेतला आणि कपाटात कुलूपबंद केला.

नवव्या दिवशी मारिटनं संस्थेच्या विद्युल्लताला फोन केला : मला वसतिगृहात जागा बघा. या घरात मी कुणाला नको आहे.

विद्युल्लता गाडी घेऊन आली तेव्हा मारिटची बॅग बाहेरच्या सोप्यात तयार होती.

"काय कमी पडलं गं तिला?" जयाक्कांचा आवाज बारीक झाला होता. "रोज सायीसकट दूध देतो."

"कमी काही नाही पडलं, आक्का. तुम्ही तिला ताटसुद्धा उचलू देत नाही. तिला वाटतं, तिचा हात भांड्याला लागलेला तुम्हाला चालत नाही."

जयाक्का म्हणाल्या, "चालत न्हाय? अगं, लेकीला कामाला लावतंय माणूस. पाव्हणीला कसं लावायचं?"

मारिट एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आक्का, मी सहा महिने पाहुणी राहू शकत नाही. मी बसून थकले."

"माझ्याशी बदलती का विचारा," भावकूअण्णा कोपऱ्यातून म्हणाले. "मी राबून थकलोय."

जयाक्का उठल्या आणि बॅग उचलून आत ठेवून आल्या. "उद्या रताळ्याचे वेल लावायचे हायत. बाया कमी पडल्यात. साताला रानात पायजेस. आणि सकाळची भांडी पडल्यात, ती घास आधी."

विद्युल्लता समजावून सांगणार, तोवर मारिट नळावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी बाळाबाई बांधावरूनच म्हणाल्या, "जया, पाव्हणीला चिखलात उतरवलीस?"

"कसली पाव्हणी? आमच्या घरातली हाय ती." एवढं बोलून जयाक्का वळल्या. "ए मारिट, वरंब्यावर लाव म्हटलं तर सरीत लावत्यास व्हय? डोळं कुठं गेलं?"

मारिट चिखलात उभी राहून अशी हसली, की जणू तिला बक्षीस मिळालं.

ती पूर्ण सहा महिने राहिली. यंदा आमच्या कंग्राळीतून पाच घरांची नावं गेलीत, आणि त्या पाचही घरच्या बायकांना संस्था आधी जयाक्कांकडे पाठवते. जयाक्का गोठ्यात धार काढता काढता शिकवतात : दोन दिवस पाहुणचार, तिसऱ्या दिवशी भांडी, आणि आठवड्याच्या आत एकदातरी रागवायचं.