विहिणीने पारखलेला घोटा

माझ्या विहिणीने आजवर एकही वस्तू, माणूस किंवा देव पारखल्याशिवाय घरात घेतलेला नाही. गणपतीची मूर्ती घेताना ती आधी दुकानाच्या फरशीवर ठेवून डुगडुगते का ते बघते. गोल बाजारात भांडी घ्यायला जाते तेव्हा तिच्या पर्समध्ये दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक असतं. ते पातेल्याला चिकटलं की स्टील हलकं, असं तिचं शास्त्र. मग दुकानदार दीदी म्हणो की माताजी, पातेलं परत. माझ्या मुलीला बघायला आली तेव्हा मुलीला तिने एकही प्रश्न विचारला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, डब्यांची झाकणं उघडली आणि बाहेर येऊन आपल्या मुलाला म्हणाली, "हव, चालते. डाळ-तांदूळ भरून आहेत, पोट्टी उपाशी वाढली नाही." मला भयंकर राग आला होता. लग्न मात्र झालं.

आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, आणि काही वर्षांनी मी खोलीतून न्हाणीपर्यंत भिंत धरून जाऊ लागले. तरुणपणी उजवा घोटा मोडला होता, तो वाकडा जुळला आणि म्हातारपणी पार झिजला. हाडावर हाड घासायचं. घर वरच्या मजल्यावर, त्यामुळे बाजार बंद, देऊळ बंद. गुडघा बदलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, घोटा बदलतात हे कुणी ऐकलं नव्हतं. मीही गोळ्या गिळत खुर्चीत बसून होते. विहीण एकदा जिना चढून आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून बसून राहिल्या अशा? पाय डॉक्टरले दाखवाले लाजता का काय, विहीणबाई?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा उभी.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. घोटा जाम करायचा म्हणजे दुखणं जाईल, पण तो वाकणार नाही. नाहीतर झिजलेलं हाड कापून तिथे धातूचा सांधा बसवायचा, मध्ये प्लास्टिक. पाय वाकेल, पण जपावा लागेल, आणि पुढेमागे सैलही होऊ शकतो. मी उठायच्याच बेतात होते. आता किती चालायचं राहिलंय, असं माझं म्हणणं. तेवढ्यात विहीण म्हणाली, "डॉक्टर साब, सामान दिखाइए." त्यांनी नमुन्याचा सांधा काढून टेबलावर ठेवला. तिने तो बोटाने ठोकला, कानाशी धरला, वाकवून पाहिला, आणि पर्समधून चुंबक काढलं.

"माताजी, ये क्या कर रही हैं?" डॉक्टर म्हणाले.

"चिपका नहीं. माल असली है. गारंटी कितनी?"

"गारंटी तो आपके घुटनों की भी नहीं है, माताजी."

मला वाटलं, आता भांडण. पण ती चुंबक पर्समध्ये टाकत माझ्याकडे वळली. "घेऊन टाका, विहीणबाई. मानूस खरं बोलून राहिला." मला इतकं हसू आलं की भीती गेली, आणि हसता हसताच मी हो म्हणून बसले.

पुढे अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ऑपरेशननंतर बरेच दिवस पाय टेकायचा नव्हता, म्हणजे माझा जिना बाद. लेकीच्या घरी तळ ठोकून राहायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तसं सांगितलं तर विहीण कडाडली, "लेकीच्या घरी राहा म्हनते कोन? तेलीबांध्याचं घर माझ्या नावावर आहे. तुमची लेकच माझ्या घरी राहून राहिली!"

राहिले. सकाळ-संध्याकाळ ती प्लास्टरबाहेरची बोटं चिमटे काढून बघायची. मी ओरडले की समाधानाने चहा टाकायची. माझी शुगर वाढू नये म्हणून घरातले लाडू तिने कपाटात घातले आणि किल्ली कमरेला खोचली. प्लास्टर निघालं तेव्हा पायाची साल सुटत होती, माझा मलाच बघवेना. ती परातीत कोमट पाणी घेऊन आली, खाली बसली आणि पाय धुऊ लागली. लग्नात विहिणीचे पाय मुलीच्या आईने धुवायचे असतात. मी धुतले होते, आणि पाणी थंड आहे म्हणून तिने चार लोकांत ऐकवलं होतं. "अहो, हे उलटं होऊन राहिलं," मी म्हणाले. "गुपचूप बसा," ती म्हणाली, "टाके पाहून राहिली मी." मी रडलेबिडले नाही. तिला धन्यवादही म्हटलं नाही, आमच्यात तसं म्हणत नाहीत. म्हणायला हवं होतं, एवढं खरं.

आता मी जिना उतरते, भाजी आणते. डॉक्टरांनी धावू नका म्हणून बजावलंय. या वयात मी कुणाच्या मागे धावणार? जावयाची बिलासपूरला बदली झाली, तशी विहीणही त्यांच्याबरोबर गेली. तिकडे नळाच्या पाण्यापासून शेजारणीपर्यंत सगळं पारखणं चालू आहे, असं लेक फोनवर सांगते. इथलं तिचं घर बंद आहे. अंगणातल्या झाडांना पाणी घालायला मी जाते, रिक्षा करत नाही. पाणी घालून होतं, काम काही उरत नाही, तरी थोडा वेळ तिथेच उभी राहते. पाय दुखत नाही.