नऊ मिनिटांची चिठ्ठी

माझ्या पहिल्या नोकरीत सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. त्या काळात तीन लेट मार्क लागले तर कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं जाईल, असं नेमणूकपत्रातच लिहिलेलं होतं. पाचवा महिना संपता संपता माझे दोन झाले होते.

कन्फर्मेशनची मला एवढी घाई होती त्याचं कारण पगार नव्हता. कन्फर्म झालेल्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला मिळायचं. म्हणजे दोन दिवस डोंबिवली स्टेशन नाही. मानपाडा रोडवर शेअर रिक्षासाठी ताटकळणं नाही, गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येईल याकडे कान लावून उभं राहणं नाही. कॅलेंडरवर मी मंगळवार आणि गुरुवार ठरवूनही ठेवले होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑफिस नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मोठमोठ्या प्रकल्पांच्या माहितीपुस्तिका आम्ही बनवायचो. रस्ते, पूल, बोगदे, मेट्रो, आणि शीळफाट्याच्या बाजूला जिचे खांब उभे राहत होते ती नवी वेगवान रेल्वे. मजकूर इंग्रजीत यायचा आणि मी त्याचं मराठी करायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी घरातलं, आईकडून आलेलं, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक परिच्छेद मी मनातल्या मनात आईला वाचून दाखवायचे. राष्ट्रीय गुंतवणूक, जागतिक दर्जा, वेळेची बचत. आई मनातल्या मनातसुद्धा फारसं काही म्हणायची नाही.

पहिले दोन लेट मार्क तसे माझ्या गप्प बसण्यामुळे लागले. आमच्याकडे एक पद्धत होती. गाडी लेट असली की इंडिकेटरचा फोटो काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. बदलापूरचा एक सीनियर तर फोटोखाली नुसतं ‘जय हो’ लिहायचा आणि त्याचा लेट मार्क माफ व्हायचा. मी दोन्ही वेळा फोटो काढला होता. खाली काय लिहायचं ते ठरेना. ‘सर, ट्रेन लेट आहे’ लिहिलं, ते उद्धट वाटलं. ‘सॉरी सर’ लिहिलं, तर त्यात माझीच चूक असल्यासारखं वाटलं. शेवटी दोन्ही पुसून टाकलं. ऑफिसात पोचून हजेरीच्या मशीनवर थंब लावला आणि जागेवर जाऊन बसले.

तिसऱ्या लेट मार्कच्या दिवशीचं मात्र तपशिलात आठवतं. माझी गाडी ८.४७ ची. ती रद्द झाल्याची घोषणा झाली. मग ८.५८ चीही. लोकांनी पुलाकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी फोटो काढायला मोबाइल वर धरला, तर इंडिकेटरवर ९.१२ आलेली होती. रद्द झालेली गाडी तिथून नाहीशीच होते. फोटोत दिसलं असतं ते एवढंच की पुढची गाडी ९.१२ ची आहे आणि ही मुलगी उशिरा उठली आहे.

माझ्या शेजारी रोजच्या एक काकू होत्या. ठाण्यात एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करायच्या. माझ्याशी बोलायच्या त्या एकतर्फीच.

“काय गं, आज ऑफिसात बोंब का?”

मी मान हलवली.

“मग सांग ना फोन करून. तोंड उघडायला तुझं काय जातं?”

एवढ्यात कुणीतरी मला ओलांडून पुढे गेलं आणि माझ्या पिशवीतून पुस्तिकेची प्रुफं खाली पडली. मुखपृष्ठावर निळ्या आकाशाखाली लांब नाकाची पांढरी गाडी. काकूंनी कागद उचलले, झटकले आणि नीट पाहिले.

“हे तू छापतेस?”

“छापत नाही. मराठी करते.”

“अगं बाई!” त्यांनी मागे वळून त्यांच्या ग्रुपमधल्या बाईला ते दाखवलं. “बघ गं, आपली बुलेट ट्रेन. ही आणतेय.”

“डोंबिवलीला थांबणारेय का?” ती बाई म्हणाली.

“थांबेल की. आपल्याला टाटा करायला.”

दोघी हसल्या. आजूबाजूच्या दोघीतिघीही हसल्या. मी पण हसले, कारण न हसता उभं राहणं आणखी कठीण होतं. काकूंनी कागद परत दिले. “सांग तुझ्या सरांना, एक पान आमच्या आठ-सत्तेचाळीसवर पण काढा म्हणावं. फोटो आम्ही देतो.”

९.१२ आली तेव्हा ९.२१ झाले होते. ठाण्याला उतरले तेव्हा पावणेदहा होऊन गेले होते. साडेनऊला ऑफिस, त्यावर दहा मिनिटांची सवलत. तीही संपली होती. काकूंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, “चल. स्टेशन मॅनेजरकडे लेट सर्टिफिकेट मिळतं. आमच्या डॉक्टरांना कागद लागतो, तुमच्या सरांनाही लागेल.”

ही चिठ्ठी मिळते हे मला माहीत होतं. पण ती मागायला जायचं म्हणजे सरकारी टेबलासमोर उभं राहून आपली अडचण मोठ्याने सांगायची. शाळेत आम्हाला ‘मे आय कम इन’ शिकवलं होतं. आत जाऊन पुढे काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं. काकूंनी दंड धरला नसता तर मी गेले नसते.

रांगेत पंधरावीस माणसं होती. सगळ्यांना आधीच उशीर झालेला, आणि उशिराचा कागद मिळवण्यासाठी ते आणखी उशीर करून घेत होते. टेबलामागचे गृहस्थ वयस्क होते, चष्मा नाकावर, शिक्का हाताशी.

“कुठून?”

“डोंबिवली.”

“गाडी?”

“आठ-सत्तेचाळीस.”

“ती कॅन्सल होती.”

“हो, म्हणूनच...”

“कॅन्सलचं सर्टिफिकेट नसतं, मॅडम. आलात कुठल्या गाडीने?”

“नऊ-बारा.”

त्यांनी वहीत पाहिलं. “नऊ मिनिटं,” म्हणाले आणि लिहायला लागले.

काकू माझ्या खांद्यावरून पुढे झाल्या. “अहो, साडेआठपासून उभी आहे ही पोरगी! नऊ मिनिटं काय?”

“काकू, माणसाचं नाही लिहीत आम्ही. गाडीचं लिहितो.” ते चिडून बोलले नाहीत. दिवसभरात कितीतरी वेळा बोलायचं वाक्य बोलतात तसं बोलले आणि शिक्का मारला.

मी थंब लावला तेव्हा १०.१६ झाले होते. सरांच्या केबिनमध्ये जाऊन मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. सर वाईट माणूस नव्हते. दिवाळीत सगळ्यांना स्वतः मिठाई वाटायचे. राहायचे नौपाड्यातच, चालत पाच मिनिटांवर. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

“नऊ मिनिटं लेट म्हणतायत हे. नऊ मिनिटांना तर आपण लेट मार्क लावतच नाही. ग्रेस दहाची आहे.” मग त्यांनी समोरच्या स्क्रीनवर माझी वेळ पाहिली. “तू शेहेचाळीस मिनिटं उशिरा आलीस. उरलेली सदतीस कुठे गेली?”

त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी उत्तर दिलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, असं मला आजही वाटतं. दोन गाड्या रद्द झाल्या, रद्द गाडी कुठेच लिहिली जात नाही, आणि हा कागद आणायलाच वीसेक मिनिटं लागली. तीन वाक्यं होती. इंग्रजीत तयार होती, मराठीतही. दोन्ही भाषा एकदमच घशाशी आल्या आणि मी म्हणाले, “सॉरी सर.”

“कागद आणलास म्हणून बोलतोय,” सर म्हणाले. “नसता आणलास तर मी काही विचारलंही नसतं.”

दुपारी जेवताना बदलापूरचा सीनियर म्हणाला, “अगं, फोटो टाकायचास ना! चिठ्ठी कशाला आणलीस? चिठ्ठीत आकडा असतो.” तो ८.४७ च्या आधीच्या, लेट झालेल्या कुठल्याशा गाडीने आला होता आणि त्याचा फोटो मंजूर झाला होता.

कन्फर्मेशन तीन महिने पुढे गेलं. पत्रावर सही करताना मी तारीख मुद्दाम चुकीची घातली, तेवढाच काय तो निषेध. बाबा म्हणाले, आधीची गाडी पकड. सगळेच तसं म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून मी साडेसहाला घर सोडायला लागले. ७.१० ची गाडी मिळायची, ती रद्द झाली तरी मागची, तीही नाही तर तिच्या मागची. तीन गाड्या रद्द झाल्या तरी मी वेळेवर असायचे. एकही रद्द झाली नाही, आणि बहुतेक दिवशी व्हायची नाही, तर पावणेआठला ऑफिसच्या दाराशी. शटर बंद. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून डबा मांडीवर धरायचे आणि पुस्तिकेचं पुढचं प्रकरण वाचायचे. जिना झाडणारी बाई म्हणायची, “ताई, पाय घ्या वर.” मी पाय वर घ्यायचे. रोज दीड तास. कुठल्याही वहीत तो नव्हता.

त्या तीन महिन्यांत एकही लेट मार्क लागला नाही. सरांनी कन्फर्मेशनचं पत्र सगळ्यांसमोर दिलं.

“बघा,” ते म्हणाले, “मनात आणलं की डोंबिवलीहूनही वेळेवर येता येतं. गाड्या त्याच आहेत.”

टाळ्या वाजल्या. बदलापूरच्या सीनियरने जरा जास्तच वाजवल्या.

मग मी घरून कामाचा अर्ज पुढे केला. मंगळवार, गुरुवार. सरांनी तो वाचला आणि प्रेमाने हसले. “तुला कशाला हे? ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी आहे ती सोय. तू तर सगळ्यांच्या आधी असतेस.” त्यांनी खण उघडला, शटरची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. “उद्यापासून ऑफिस तूच उघडत जा. बाहेर बसायला नको.”

माझ्याकडे पुन्हा वाक्यं तयार होती. या वेळी तीनपेक्षा जास्त होती. मी किल्ली घेतली आणि म्हणाले, “थँक यू, सर.”